चौथा खण

वसंतभाई तांडेल यांनी आयुष्यात कुठल्याही यंत्राला थापट मारली नाही. आपण सगळे मारतो. टीव्ही अडकला की थापट, मिक्सर थांबला की थापट. आमच्या हॉस्पिटलात नोंदणीच्या खिडकीवरचा प्रिंटर तर थापट खाल्ल्याशिवाय कागद सोडत नसे, आणि ती मारायचा मान माझा होता. वसंतभाईंनी ते पहिल्यांदा पाहिलं तेव्हा ते दारातच थबकले.

"बेन, त्याला काय दुखतंय ते विचारलंस का आधी?"

"विचारलं. बोलत नाही."

"मग मारून बोलेल?"

त्यांनी प्रिंटरचा प्लग काढला, झाकण उघडलं आणि आतून चिकूचं एक बी काढून माझ्या टेबलावर ठेवलं. चिकू मीच खाल्ला होता. मी ते बी पटकन पर्समध्ये टाकलं.

मी सुनंदा. डहाणूत बाई नोकरीला लागली की तिची आपोआप बेन होते, तशी मी सुनंदाबेन झाले. गावातल्या एका धर्मादाय हॉस्पिटलात नोंदणी विभाग सांभाळत मी निवृत्त झाले. वसंतभाई आमच्याकडे कॉम्प्युटरचं सगळं बघायचे. सगळं म्हणजे मुख्यतः सर्व्हर. नोंदणी, तपासणी, औषधं, तलासरीचं आमचं छोटं केंद्र, या सगळ्यांच्या कॉम्प्युटरांची माहिती एकाच यंत्रात साठायची, ते यंत्र. पूर्वी जिथे सलाईनच्या बाटल्यांची खोकी असायची त्या मागच्या खोलीत ते घुं-घुं करत उभं असे. ते बंद पडलं की पेशंटचा जुना कागद मिळत नाही, रक्ताचा रिपोर्ट निघत नाही आणि लोक खिडकीवर येऊन माझ्या नावाने ओरडतात.

वसंतभाई धाकटी डहाणूचे. बाप तांडेल, म्हणजे बोटीचा म्होरक्या, आजाही तांडेल, घरची बोट. आणि या घरात जन्मलेल्या माणसाला बोट लागायची! खाडीचं तोंड ओलांडलं की यांच्या पोटात ढवळायला लागायचं. चार वेळा बापाने नेलं, चारही वेळा जाळ्याच्या ढिगावर आडवं पडून परत आले. बंदरावरच्या बायका अजून चिडवतात, त्यांना काही वाटत नाही. स्वतःच सांगायचे, "दर्याने मला पास नाही केला, बेन." मग बोटीवरच्या वायरलेसची दुरुस्ती किनाऱ्यावर बसून शिकले, तिथून रेडिओ, टीव्ही आणि शेवटी कॉम्प्युटर. बायको पार्वतीबाई बाजारात मासे विकायच्या. सकाळी त्यांची टोपली उचलून द्यायची, मग लिंबू चोळून कोपरापर्यंत हात धुवायचे, आणि मगच सायकलवर बसायचं. मिठाचा हात सर्व्हरला लागता कामा नये म्हणून. ज्या दिवशी घरी सुके बोंबील बांधले असतील त्या दिवशी तर दोनदा.

बिघाड झाला की सगळे धावायचे, आणि वसंतभाई बसायचे. अक्षरशः स्टूल घेऊन बसायचे. आमचे साहेब, म्हणजे हॉस्पिटलचे व्यवस्थापक, येरझाऱ्या घालायचे आणि हे डोळे मिटून यंत्रातल्या पंख्यांचा आवाज ऐकत. मग वास घ्यायचे. जळकी वायर आणि सुजलेली बॅटरी यांचे वास वेगळे असतात म्हणे. मग टॉर्चने बघायचे. कुठली केबल सैल आहे, कुठला दिवा लागलेला नाही. हे सगळं वहीत लिहून झालं की मग यंत्र रीतसर बंद करणं, प्लग काढणं, मेन स्विच खाली ओढून त्याला लाल फडकं बांधणं. ते फडकं दुसऱ्या कुणी सोडायचं नाही. प्लग काढल्यावरही थोडा वेळ थांबायचं, कारण आत वीज साठून राहते. घड्याळ, अंगठी, गळ्यातली चेन सगळं काढून खिशात. मग मनगटाला तो पट्टा, ज्याची वायर जमिनीच्या अर्थिंगला जोडलेली. अंगातली बारीकशी वीजसुद्धा आतल्या नाजूक पट्ट्या मारते, आणि मारलेलं लगेच कळतही नाही, महिन्याने कळतं, असं ते सांगायचे. एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या तर कशाने बरं झालं हे कळणार कसं?

"तुमच्यापेक्षा डॉक्टर लवकर पोट फाडतात," मी म्हणायचे.

"म्हणून तर पेशंट मला घाबरत नाही," ते म्हणायचे.

एकदा विश्वस्त मंडळाचे मोठे शेठ खोली बघायला आले. यंत्र उघडं होतं. शेठच्या हातात जाड कडं, बोटांत तीन अंगठ्या. ते वाकून बोट दाखवत "आ शुं छे?" म्हणाले आणि वसंतभाई मधे आडवे उभे राहिले. "शेठ, कडं काढा, नाहीतर बाहेर बसा." आमच्या साहेबांच्या तोंडचं पाणी पळालं. शेठना आयुष्यात असं कुणी बोललं नसणार. त्यांनी कडं काढायला घेतलं. ते निघेना! साबण आणला, खोबरेल आणलं, शेवटी शेठ बाहेर बाकावर बसले आणि दारातूनच सगळं विचारून घेतलं. जाताना म्हणाले, हा माणूस सोडू नका. साहेबांनी ते आम्हाला इतक्या वेळा ऐकवलं, जणू तेच बोलले होते.

तलासरीची गोष्ट तर मी लोकांना रंगवून सांगायचे. तिथल्या केंद्रातलं यंत्र रोज दुपारी सव्वा बाराच्या सुमारास आपोआप बंद पडायचं. कंपनीच्या माणसाने दोनदा येऊन भाग बदलले. तरी सव्वा बाराला कटकट सुरू. वसंतभाई एसटीने गेले आणि दोन दिवस नुसते बसून राहिले. तिसऱ्या दिवशी बारा वाजता उठले आणि यंत्राच्या खोलीत न जाता मागच्या अंगणात गेले. तिथे स्वयंपाकाच्या रमीबाई भांडी घासायला पाण्याचा पंप लावत होत्या. पंप आणि सर्व्हर एकाच लाईनवर. पंप सुरू झाला की विजेचा दाब खाली, यंत्र बंद.

"बाई, तुमचा पंप आमचं यंत्र मारतो."

"मग भांडी तुमचं यंत्र घासंल काय?" रमीबाई म्हणाल्या.

वसंतभाईंना हे फार पटलं. त्यांनी रमीबाईंची वेळ बदलायला सांगितली नाही. यंत्रालाच वेगळी लाईन ओढून दिली, उन्हाळ्यात अर्थिंगच्या खड्ड्यात रोज एक बादली पाणी ओतायचं काम रमीबाईंना शिकवलं, आणि त्या स्वतः निवृत्त होईपर्यंत ते न चुकता करत राहिल्या. चूक शोधायची, माणूस नाही शोधायचा, असं ते म्हणायचे. हे वाक्य आठवलं की मला अजून जेवण जात नाही.

आता ते सांगते. सर्व्हरच्या पुढच्या बाजूला पाच खण होते, एकेका खणात एकेक डिस्क. पाचांपैकी एक मेली तरी उरलेल्या चार मिळून काम ओढतात, माहिती शाबूत राहते. यंत्र चालू असतानाच मेलेली काढून नवी घालायची, बस. पण एक मेलेली असताना चुकून दुसरी जिवंत ओढली की सगळं कोसळतं. खरं तर मेलेल्या डिस्कपुढे पिवळा दिवा लागायला हवा. आमच्याकडे खाडीच्या वाऱ्याने ते दिवे कधीच खाल्ले होते. म्हणून वसंतभाईंनी पद्धत बसवली होती. कुठली डिस्क मेली ते सर्व्हरशेजारच्या माझ्या खोलीतल्या स्क्रीनवर दिसायचं. मी स्क्रीनसमोर बसून मोठ्याने खणाचा आकडा सांगायचा, त्यांनी तो उलट म्हणायचा. मग मी स्क्रीनवरून डिस्कच्या नंबरातले शेवटचे चार आकडे वाचायचे, आणि ते सर्व्हरच्या कपाटाच्या दाराला चिकटवलेल्या, खणवार डिस्कचे नंबर लिहिलेल्या तक्त्याशी ताडून बघायचे. दोन्ही जुळले तरच हात घालायचा. त्यात एक मेख होती. स्क्रीन शून्यापासून मोजायची आणि आमचा तक्ता एकापासून. त्यामुळे स्क्रीनवर दोन दिसलं की मी एक वाढवून तीन सांगायचं. हे आमच्या दोघांत इतकं मुरलं होतं की 'एक वाढव' हेही म्हणावं लागत नसे.

"स्वतःच्या डोळ्यांवर का नाही विश्वास?" मी एकदा विचारलं होतं.

"एकट्याच्या डोळ्यांवर नाही. तू आहेस ना."

त्या दिवशी तलासरीत सिकलसेलचं, म्हणजे रक्तातला आनुवंशिक दोष शोधायचं शिबिर होतं. पाड्यापाड्यांवरून माणसं आणली होती. दिवाळी झालेली, लोक वीटभट्ट्यांवर निघायच्या आधी गाठायचे म्हणून सगळी धडपड. रक्त घेतलं की तिथेच तपासून निकाल थेट कॉम्प्युटरात. त्याच सकाळी एक डिस्क मेली. मी स्क्रीनवर बघितलं, दोन. एक वाढवून चिठ्ठीवर लिहिलं, तीन. नवी डिस्क मुंबईहून यायची होती, ती दुपारी चारला आली.

वसंतभाई म्हणाले, आधी आजच्या माहितीची कॉपी काढतो, दोन तास लागतील. साहेब म्हणाले, "दोन तास तपासणी थांबवू? कालची कॉपी आहे ना?"

"कालची आहे. आजचं जाईल, काही झालं तर."

"होणार कशाला? तुमचा हात आहे ना."

आणि मला घाई होती. कसली, ते सांगायलाही लाज वाटते. दुसऱ्या दिवशी भाचीचं लग्न होतं आणि माझा ब्लाउज शिंप्याकडे होता. शिंपी पाचला दुकान बंद करून गावी निघणार होता. एका ब्लाउजपायी.

मी स्क्रीनसमोर बसलेच नाही. पर्स खांद्याला लावून सर्व्हरच्या खोलीच्या दारात उभी राहिले, हातात सकाळची चिठ्ठी. चिठ्ठीवर तीन. सवयीने जिभेने एक वाढवला.

"चार," मी म्हटलं.

"चार," वसंतभाई म्हणाले. "शेवटचे आकडे?"

कपाटाचं दार उघडं होतं, तक्ता माझ्या डोळ्यांसमोर. स्क्रीनपर्यंत कोण जाईल? मी तक्त्यावरचेच चारच्या पुढचे आकडे वाचले. ते तक्त्याशी जुळणार नाहीत तर काय होईल? त्यांनी तक्त्यावर बोट ठेवून मान हलवली आणि चौथा खण ओढला.

पंख्यांचा आवाज बदलला. मग खिडकीवरून कुणीतरी ओरडलं की सगळं बंद पडलं. वसंतभाईंनी ती डिस्क तशीच परत घातली, पण यंत्र तिला ओळखच दाखवेना. त्यांच्या कपाळावर घाम आलेला मी प्रथमच पाहिला. मी हातातली चिठ्ठी बघितली, तीन. मुठीत चुरगाळली.

साहेब आले. डॉक्टर आले. वसंतभाई माझ्याकडे वळून म्हणाले, "बेन, तू किती सांगितलंस?" आवाजात आरोप नव्हता. कुठे चुकलं ते शोधत होते, नेहमीसारखं.

मी म्हटलं, "तीन."

"माझ्या डोक्यात चार आहे," ते हळू म्हणाले. मग स्वतःशीच मान हलवली. "पण बेन तीन म्हणते तर तीनच. हात माझा चुकला, साहेब."

त्यानंतर मी निघाले. ब्लाउज मिळाला. चिठ्ठी शिंप्याच्या दुकानासमोरच्या गटारात टाकली.

जुनी सगळी माहिती कालच्या कॉपीतून परत आली. गेला तो फक्त तो एक दिवस, म्हणजे ते शिबिर. कुणाच्या रक्तात दोष आहे, कुणाच्या नाही, काही हाती उरलं नाही. 'तुमचा हात आहे ना' हे आपण म्हणालो होतो, हे साहेब चौकशीत विसरले. पण वसंतभाईंना कुणी काढलं नाही, हेही खरं सांगायला हवं. त्यांनीच राजीनामा लिहिला. तो देण्याआधी रजा टाकून आरोग्यसेविकेबरोबर पंधरा दिवस तलासरीचे पाडे फिरले. दारोदार जाऊन सांगत, माझ्यामुळे तुमचं रक्त पुन्हा घ्यावं लागतंय, माफ करा. बरीच घरं कुलपं लावून भट्टीवर गेलेली. त्यांतल्या काहींचा पत्ता नंतरही लागला नाही. आरोग्यसेविका मला म्हणाली, तुम्ही या ना एक दिवस, बाया तुमचं ऐकतात. मी म्हटलं, माझे गुडघे दुखतात.

मग मी स्वतःची एक समजूत घातली, आणि ती इतकी सोयीची होती की सात वर्षं तिच्यावर काढली. वसंतभाईंना माहीत आहे. इतका बारीक माणूस, त्याला चार ऐकलेलं आठवत नाही होय? त्यांनी मला वाचवलं, मोठ्या मनाने माझं पाप अंगावर घेतलं. मी मनातल्या मनात त्यांचे आभार मानायचे. देवळात गेले की त्यांच्या नावाने नारळ फोडायचे! बोईसरच्या, उंबरगावच्या कारखान्यांतून त्यांना बोलावणी येतात आणि ते नको म्हणतात, असं कानावर आलं तेव्हाही मी म्हटलं, दमले असतील. एकदा स्टेशनजवळ दिसले. मला बघून गल्लीत वळले. रागावले असतील, मला वाटलं. त्यांना माझ्यासमोर उभं राहायची लाज वाटत होती, हे माझ्या डोक्यातही आलं नाही.

मी निवृत्त झाले. निरोपाच्या भाषणात नवे साहेब म्हणाले, बेनच्या नोंदीत कधी एक चूक नाही. टाळ्या पडल्या. त्या आठवड्यात मी रिक्षा करून धाकटी डहाणूला गेले. आभार मानायला, खरं तर. मानले की सुटले, असं वाटलं होतं.

पार्वतीबाई ओट्यावर सुकट निवडत होत्या. मला बघून उठल्या, पाणी दिलं. वसंतभाई आत झोपलेले. मी म्हटलं, अजून काही दुरुस्तीबिरुस्ती करतात की नाही?

"कसली दुरुस्ती, बेन? घरातला बल्बसुद्धा बदलत नाय. शेजारच्याला बोलवतात. म्हणतात, माझ्या हाताचा भरवसा नाय." त्या सुकट चिवडत राहिल्या. "पोरांनी किती सांगितलं. बोटीवाले यंत्रं घेऊन यायचे दारात, त्यांना हात जोडायचे. हत्यारं सगळी देऊन टाकली. दोन वर्षं झाली, आता हात खरंच कापतो. डॉक्टर म्हणतो, वयाचं दुखणं. हे म्हणतात, नाय, ते तेव्हाच सुरू झालेलं, मला कळलं नाय."

तेवढ्यात ते बाहेर आले. वाळले होते. "बेन!" म्हणाले, आणि लगेच नजर खाली घातली, गुन्हेगार घालतो तशी. माझ्यासमोर. त्या माणसाने माझ्यासमोर.

मी काही ठरवलं नव्हतं. तोंडातून निघालं. "भाई, मी चार म्हटलं होतं."

मी सगळं सांगितलं, चिठ्ठी, पर्स, ब्लाउज, तक्त्यावरचे आकडे. पार्वतीबाईंचा हात सुकटीत थांबला. वसंतभाई मधेच एकदा म्हणाले, "म्हणजे एक दोनदा वाढवलास," बिघाड सापडल्यावर वहीत लिहिताना म्हणायचे तितक्याच शांतपणे. मग ओट्याच्या कडेला बसले.

"मी बरोबर खणाला हात घातला होता?"

"हो, भाई. मी सांगितलेल्याच."

"चारला."

"चारला."

"सात वर्षं, बेन," ते म्हणाले. एवढंच.

पार्वतीबाई मात्र उसळल्या. "आता सांगायला आलीस? आता? याच्या हातात चमचा राहत नाय आता!" त्यांनी मला जे ऐकवलं ते सगळं मी लिहीत नाही. त्यातला एकही शब्द जास्त नव्हता. मी रडत होते आणि माझ्या रडण्याचीच मला चीड येत होती, कारण रडायचा हक्क त्या घरात दुसऱ्यांचा होता.

वसंतभाईंनी हाताने तिला थांबवलं. मला म्हणाले, "लिहून दे."

"हॉस्पिटलला? देते, उद्याच देते."

"तिथे दे. पण आधी मला दे. पोरांना वाटतं बाप चुकला आणि घाबरून घरी बसला. त्यांना वाचायला पाहिजे."

नातवाच्या वहीचं पान फाडून दिलं. मी ओट्यावर बसून लिहिलं. शिबिराच्या दिवशी दुपारी मी खणाचा आकडा चुकीचा सांगितला आणि विचारल्यावर खोटं बोलले, वसंतभाई तांडेल यांची काही चूक नव्हती. खाली सही केली. चार ओळी झाल्या. या चार ओळी त्याच संध्याकाळी लिहिल्या असत्या तर फार तर मला बोलणी बसली असती, आणि त्यांचं सगळं आयुष्य त्यांच्याकडे राहिलं असतं.

ते "बस" म्हणाले नाहीत, "ये पुन्हा" म्हणाले नाहीत. मी उठले. रिक्षात बसून वळून बघितलं. त्यांनी कागद डोळ्यांसमोर धरला होता, पण तो दोन्ही हातांत मिळून स्थिर राहीना. मग त्यांनी तो ओट्यावर ठेवला, वाऱ्याने उडू नये म्हणून पार्वतीबाईंनी त्याच्या दोन टोकांवर बोटं ठेवली, आणि ते गुडघ्यांवर वाकून एकेक शब्द मोठ्याने वाचून तिला दाखवू लागले.